अ‍ॅलोमॅप ब्लड टेस्ट: साडेतीन वर्षांचा अनुभव, आणि ‘मग आता गोळ्या बंद करायच्या का’ ह्या प्रश्नाबद्दल

ह्यांचं हार्ट ट्रान्सप्लांट होऊन आता साडेतीन वर्षं होतील. आम्ही मूळचे सांगलीचे, राहतो कॅलिफोर्नियात बे एरियात. ट्रान्सप्लांटनंतर रिजेक्शन आहे का ते बघायला जी अ‍ॅलोमॅप नावाची रक्ताची टेस्ट करतात तिच्याबद्दल मराठीत मला कुठेच काही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहितेय. आणि टेस्ट चांगली येत असेल तर रिजेक्शन रोखणाऱ्या रोजच्या गोळ्या बंद करायच्या का, असं नातेवाईक विचारतात, त्याबद्दलही पुढे लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण ह्यांच्या फाईली, गोळ्यांचे डबे, अपॉइंटमेंट सगळं मीच सांभाळते आणि प्रत्येक रिपोर्ट मी डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलाय, त्यामुळे जे लिहितेय ते जबाबदारीने लिहितेय.

आधी बायोप्सीबद्दल सांगते, नाहीतर ह्या टेस्टची किंमत कळणार नाही. नवीन हार्ट बसवल्यावर शरीर ते परकं म्हणून मारायला बघतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही, चालतोय बोलतोय जेवतोय आणि आत रिजेक्शन सुरू झालेलं असतं. म्हणून मानेच्या शिरेतून एक लांब बारीक चिमटा थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात घालून तिथले चारपाच कण काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. पेशंट जागा असतो, फक्त मान बधिर केलेली. पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असं करत सहा महिन्यांत ह्यांच्या तेरा झाल्या. हे कधी तक्रार करणारे नाहीत पण आदल्या रात्री झोपायचे नाहीत, मला कळायचं. आणि धोका अगदीच नसतो असं नाही, त्या चिमट्याने झडपेला इजा होऊ शकते, क्वचित हृदयाला भोकही पडू शकतं.

पण बायोप्सीला मी नावं ठेवणार नाही. मुंबईला केईएममध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हार्ट ट्रान्सप्लांट केलं होतं, केप टाऊनच्या बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या ऑपरेशननंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहितीय. पेशंट काही तासच जगला. त्यानंतरच्या दोनएक वर्षांत जगभर खूप ठिकाणी ही ऑपरेशनं झाली आणि पेशंट जगत नाहीत म्हणून बहुतेकांनी बंदही केली. आमच्या इथल्या स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे यांची टीम मात्र चिकाटीने करत राहिली, आणि तिथेच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप केव्ह्ज यांनी हा बायोप्सीचा चिमटा बनवला, त्यामुळे पहिल्यांदाच रिजेक्शन लक्षणं दिसायच्या आधी पकडता यायला लागलं. भारतात यशस्वी हार्ट ट्रान्सप्लांट व्हायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. तर हा चिमटा नसता तर आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली नसती, हे मी मनापासून म्हणते. पण म्हणून जन्मभर मानेत सुई घालत राहायचं का, तर त्याला पर्याय म्हणून ही टेस्ट.

सहा महिने झाल्यावर आमच्या टीमने सांगितलं की आता सगळं स्थिर आहे, दर वेळी बायोप्सी नको, अ‍ॅलोमॅप करूया. दंडातून रक्त काढतात, बस. मला आधी वाटलं जेनेटिक टेस्ट आहे म्हणजे एकदा केली की झाली, जीन काय दर महिन्याला बदलणारेत का. मग नर्स कोऑर्डिनेटरने नीट बसून सांगितलं. जीन तेच राहतात, पण कुठला जीन चालू आहे आणि किती जोरात चालू आहे ते रोज बदलत असतं. रात्री वाड्याबाहेर उभं राहून कुठल्या खोलीत दिवा आहे ते बघितलं की आत कोण जागं आहे ते कळतं ना, तसं रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये कुठल्या जीनचा दिवा लागलाय ते ही टेस्ट बघते. एकूण २० जीन, त्यातले ११ खरी माहिती देणारे आणि ९ तुलनेसाठी. त्या अकरात काही लढणाऱ्या पेशी जाग्या झाल्याचं सांगणारे, काही प्लेटलेटचे, काही नवीन तांबड्या पेशी बनण्याशी संबंधित, आणि तीन असे की जे स्टिरॉइडच्या डोसप्रमाणे वरखाली होतात. सगळ्याचा हिशोब करून ० ते ४० मधला एक आकडा देतात. आकडा कमी तेवढी आत्ता मध्यम किंवा मोठं रिजेक्शन असण्याची शक्यता कमी. सहा महिन्यांनंतर ३४ ही रेघ साधारण धरतात.

कंपनीबद्दल थोडं. ही टेस्ट काढणारी कंपनी एक्सडीएक्स, इथेच सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ब्रिस्बेन गावातली, पुढे तिचं नाव केअरडीएक्स झालं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्टना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याने, २००८ मध्ये टेस्टला मान्यता दिली. पण माझा विश्वास बसला तो २०१० साली छापून आलेल्या इमेज नावाच्या ट्रायलमुळे. ६०२ हार्ट ट्रान्सप्लांटवाले घेतले, ट्रान्सप्लांट होऊन किमान सहा महिने झालेले, अर्ध्यांवर ह्या टेस्टने लक्ष ठेवलं आणि अर्ध्यांवर नेहमीसारख्या बायोप्सीने. दोन वर्षांनी बघितलं तर गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच, एकीकडे १४.५ टक्के तर दुसरीकडे १५.३ टक्के, आणि बायोप्सी मात्र वर्षाला माणशी तीनच्या जागी अर्धी. म्हणजे दोन वर्षांतून एक. हा आकडा मी ह्यांना वाचून दाखवला तेव्हा हे काही बोलले नाहीत, नुसता मानेवरून हात फिरवला.

आमचे स्कोअर सुरुवातीला २६, २९, ३० असे येत गेले. वाढतोय बघून मला धसकाच बसला होता, पण सांगितलं की स्टिरॉइड कमी करत नेलं की स्कोअर आपोआप चढतो, ते तीन जीन म्हणाले ना वर, त्यांच्यामुळे. म्हणून नवीन लोकांना सांगते, एकटा आकडा बघून रात्र जागवू नका, मागचे चारपाच आकडे ओळीने लिहून ठेवा आणि शेजारी त्या दिवशीचा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे त्या स्टिरॉइडचा, डोस लिहा, आणि पेशंटची तुलना दुसऱ्या पेशंटशी करू नका, ज्याचा त्याचा आकडा वेगळा असतो.

एकदा ३५ आला. त्या आठवड्यात सीएमव्ही नावाचा व्हायरस ह्यांच्या रक्तात सापडला होता, ताप वगैरे काही नाही, नुसता रिपोर्टमध्ये. त्या व्हायरसने स्कोअर चढू शकतो हे डॉक्टरांना माहीतच होतं पण खात्री करायला बायोप्सी केलीच, ग्रेड शून्य आली, म्हणजे रिजेक्शन नाही. टेस्टचा स्वभावच असा आहे. आकडा कमी आला तर निर्धास्त राहायला बऱ्यापैकी हरकत नाही, पण जास्त आला म्हणजे रिजेक्शन आहेच असं नाही, बहुतेक वेळा नसतं. घंटा वाजली की जाऊन बघायचं, एवढाच अर्थ.

मनस्ताप झाला तो टेस्टमुळे नाही तर रक्त काढण्याच्या जागेमुळे. आमच्या घराजवळच्या एका कलेक्शन सेंटरवर (नाव लिहीत नाही) रक्त काढलं आणि वेळेत पुढची प्रक्रिया न करता तसंच ठेवलं. आता ही टेस्ट आरएनए, म्हणजे चालू जीनमधून निघणारी नक्कल, मोजते आणि आरएनए फार नाजूक, रक्त नुसतं पडून राहिलं तर बिघडतं, नेहमीच्या शुगर क्रिएटिनीनसारखं संध्याकाळपर्यंत चालत नाही. सँपल बाद. आठ दिवस वाट बघून वर परत रक्त द्यायला लागलं. तेव्हापासून आम्ही थोडं लांब पडलं तरी ट्रान्सप्लांट क्लिनिकच्या लॅबमध्येच जातो, तुम्हीही जमलं तर तेच करा किंवा आधी फोन करून स्पष्ट विचारा की ही टेस्ट तुम्ही नेहमी करता का. इन्शुरन्सवाल्यांनीही एकदा ‘गरज नाही’ म्हणून क्लेम परत पाठवला होता, क्लिनिकने पत्र दिल्यावर पास झाला, त्यात तीन महिने गेले. कागद जपून ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे लिहायला घेतलं ती.

गेल्या दिवाळीत सांगलीहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं की आता जेनेटिक मार्कर बघून शरीराने अवयव पूर्ण स्वीकारलाय का ते कळतं, आणि स्वीकारला असेल तर गोळ्या बंद करता येतात. ‘वहिनी, दादाची ती टेस्ट तर दर वेळी चांगली येते, मग कशाला त्या गोळ्या, किडनी खराब होते म्हणे त्यांनी.’ प्रश्न प्रेमापोटी होता आणि अगदीच चुकीचाही नव्हता. टॅक्रोने (टॅक्रोलिमस, रिजेक्शन रोखणारी मुख्य गोळी) किडनीवर परिणाम होतोच, ह्यांचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा रक्तातला आकडा, १.५ च्या आसपास असतं, हात थरथरतात, कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून वर्षातून एकदा स्किनचे डॉक्टर तपासतात. गोळ्या सुटाव्यात असं माझ्याइतकं कुणाला वाटत असेल. म्हणून त्या फोननंतर मी महिनाभर वाचलं, जे कळलं नाही ते क्लिनिकमध्ये विचारलं.

अ‍ॅलोमॅप जे सांगते ते असं की आत्ता, ह्या गोळ्या चालू असताना, आत शांतता आहे. ही शांतता का आहे ते ती सांगत नाही. परत त्या वाड्याचं उदाहरण देते. सगळे दिवे बंद दिसले तर दोन कारणं असू शकतात. माणसं समाधानाने झोपली असतील, किंवा लोडशेडिंग असेल. बाहेरून अंधार सारखाच. आमच्या घरात लोडशेडिंग आहे, सकाळ संध्याकाळ टॅक्रो आणि मायकोफेनोलेट ह्या गोळ्यांचं. ते उठवलं आणि सगळे दिवे एकदम लागले तर? माणसं खरंच झोपलीयेत, वीज आली तरी उठणार नाहीत, ह्याला टॉलरन्स म्हणतात, आणि स्कोअर कितीही छान येऊ दे, टॉलरन्स मोजायला ही टेस्ट बनवलेलीच नाही. कंपनीही तसा दावा करत नाही, फॉरवर्ड पाठवणारे करतात.

टॉलरन्स ही खोटी गोष्ट नाही बरं का. लिव्हरवाल्यांमध्ये तर बऱ्यापैकी दिसतो. युरोपात एका अभ्यासात लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन बरीच वर्षं झालेल्या, निवडून घेतलेल्या ९८ जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या, त्यातल्या ४१ जणांना खरंच गोळ्यांशिवाय राहता आलं. जितकी जास्त वर्षं झालेली तितकं जमण्याची शक्यता जास्त. बाकीच्या ५७ जणांना रिजेक्शन आलं, पण लिव्हर हा अवयव माफ करणारा आहे, गोळ्या परत सुरू केल्या की बहुतेक वेळा सावरतो. किडनी तितकी माफ करत नाही. आणि हार्टचं तर सांगायलाच नको, तिथे चुकलं तर डायलिसिससारखं मागे काहीच नाही.

किडनीत असे गोळ्यांशिवाय राहिलेले लोक फार थोडे, आणि बहुतेक ते स्वतःहून गोळ्या सोडलेले किंवा कॅन्सरसारख्या कारणाने सोडाव्या लागलेले, आणि नशिबाने किडनी चालू राहिलेले. अशा लोकांना शोधून शोधून त्यांचं रक्त तपासलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या टीमने असे २५ जण घेतले, शेजारी गोळ्या चालू असलेले ३३ स्थिर पेशंट आणि ४२ निरोगी माणसं. फरक दिसला तो बी पेशींच्या जीनमध्ये, आणि त्यातले तीन जीन पुरेसे ठरले दोन गट वेगळे ओळखायला. त्याच वर्षी युरोपातल्या टीमलाही स्वतंत्रपणे बी पेशींचाच माग लागला. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण तोवर सगळं लक्ष टी पेशींवर, म्हणजे अवयवावर थेट हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, होतं, आणि बी पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवून अवयवाला त्रास देणाऱ्या अशीच समजूत. मला हे वाचताना खरंच भरून आलं, की अवयव स्वीकारण्याची काहीतरी खूण रक्तात असते आणि ती माणसाला वाचता येते.

पण मग पुढे जी अडचण निघाली ती कुठलाच फॉरवर्ड सांगत नाही. ते २५ जण गोळ्या घेत नव्हते. ज्यांच्याशी तुलना केली ते घेत होते. आणि स्टिरॉइड, अझाथायोप्रिन ह्या गोळ्या स्वतःच त्या ठराविक बी पेशी कमी करतात. मग जो फरक दिसला तो टॉलरन्सचा की नुसता गोळ्या न घेण्याचा? एका घरात लोडशेडिंग आणि दुसऱ्यात नाही, दिवे वेगळे दिसणारच की. नंतरच्या अभ्यासांनी गोळ्यांचा परिणाम हिशोबातून काढून परत बघितलं तेव्हा त्या खुणेतला बराच भाग गोळ्यांचाच निघाला. लिव्हरमध्ये बायोप्सीतल्या जीनवरून, त्यात शरीरातल्या लोहाशी संबंधित जीन होते, टॉलरन्स ओळखता येईल असं २०१२ च्या सुमाराला वाटत होतं, मग त्यावर अवलंबून गोळ्या बंद करण्याची ट्रायल घेतली, लिफ्ट नावाची, आणि त्यात तो मार्कर कोणाला जमेल कोणाला नाही हे नीट सांगू शकला नाही. त्यामुळे आज तरी अशी कुठलीही टेस्ट बाजारात नाही की जिचा रिपोर्ट हातात घेऊन घरी गोळ्या बंद कराव्यात.

हे मी दिरांना फोनवर तासभर सांगितलं. कारण माझ्या माहेरच्या गल्लीत एक मुलगा होता, आईने किडनी दिलेली. चार वर्षं क्रिएटिनीन एकदम छान, नोकरी लागली, लग्न ठरलं. गोळ्यांचा महिन्याचा खर्च जड जात होता आणि रिपोर्ट तर सगळे चांगले, म्हणून त्याने आधी एक वेळची बंद केली आणि मग सगळ्याच. काही महिन्यांत परत डायलिसिसवर. त्याची आई मला म्हणाली होती, माझी दुसरी पण घेतली असती तर दिली असती गं. आपल्याकडे गोळ्या सोडणारे हौसेने सोडत नाहीत, पैशाने सोडतात, आणि त्यात असा फॉरवर्ड हातात पडला की त्यांना सोडायला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं वाटतं, म्हणून मला त्या मेसेजचा इतका राग येतो. खर्च झेपत नसेल तर ते लाजू नका, ट्रान्सप्लांट टीमला तसं सांगा, डोस आणि गोळ्यांची निवड ह्यात त्यांना काही करता येतं, गपचूप बंद करू नका.

एक दुसरी जेनेटिक टेस्ट मात्र गोळ्यांच्या बाबतीत खरंच कामाची आहे, ती वेगळी. सीवायपी३ए५ नावाचा जीन. त्याचा एक प्रकार ज्यांच्यात जन्मतः असतो त्यांचं शरीर टॅक्रो लवकर संपवतं, त्यांना सुरुवातीचा डोस दीड ते दोन पट लागतो. ह्यांच्यात तो निघाला, म्हणून पहिल्या महिन्यात रक्तात टॅक्रोची पुरेशी लेव्हल येतच नव्हती. ही टेस्ट आयुष्यात एकदाच करायची.

अ‍ॅलोमॅपबरोबर आता बरेच सेंटर डोनरच्या डीएनएची टेस्टही करतात, आमच्याकडे दोन्ही एकाच रक्तातून होतात. नवीन हार्टच्या पेशी मरायला लागल्या की त्यांचा डीएनए पेशंटच्या रक्तात सांडतो, तो किती टक्के आहे ते मोजायचं. १९९८ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं ते छान डोकं लावून, बायकांना पुरुष डोनरचे अवयव बसवलेले होते आणि त्या बायकांच्या रक्तात वाय क्रोमोसोमचे तुकडे सापडले. ह्या टेस्टची जोड महत्त्वाची अशासाठी की अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन अ‍ॅलोमॅपला नीट पकडता येत नाही, तिथे ही डीएनएवाली उपयोगी पडते. एकटी अ‍ॅलोमॅप करत असाल तर दुसरीबद्दल विचारा.

माझे पाचपैकी चार स्टार. गेल्या तीन वर्षांत ह्यांच्या फक्त दोन बायोप्सी झाल्या, आणि त्यासाठी मी त्या टेस्टची कायम ऋणी आहे. एक स्टार कापला तो त्या अँटिबॉडीच्या मर्यादेसाठी, आणि लहान मुलांना, १५ वर्षांखालच्यांना, तिची मान्यता नाही म्हणूनही. ट्रान्सप्लांट होऊन दोन महिने व्हायच्या आत ती करत नाहीत. आधी रिजेक्शन येऊन गेलेल्यांनी बायोप्सी टाळण्याचा हट्ट धरू नये, टीम काय म्हणते ते ऐकावं.

रक्त द्यायला जाल तेव्हा सकाळची टॅक्रो घेऊन जाऊ नका, त्याच वेळी लेव्हल पण काढतात आणि ती गोळीच्या आधी काढावी लागते. गोळी डबीत घालून पर्समध्ये ठेवा, सोबत पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला. आम्ही साडेआठची अपॉइंटमेंट घेतो, रक्त दिलं की तिथेच पार्किंगमध्ये गाडीत बसून हे गोळ्या घेतात, मी घरून नेलेला उपमा देते, आणि नऊच्या अलार्मला बरोबर दोघंही निघतो.